शिबिरात ताकदीच्या गोळ्या वाटू नका, रक्त तपासा : कोल्हापूरच्या तालमींना आणि मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, वस्ताद आणि सर्व कार्यकर्ते,
तालीम संस्था, तरुण मंडळे व महिला मंडळे, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या बैठका आता सुरू होतील. मांडव, मूर्ती, देखावा, मिरवणूक, महाप्रसाद असा खर्चाचा कागद तयार होईल आणि त्यात खालच्या बाजूला एक ओळ येईल : मोफत आरोग्य शिबिर. माझं हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी सरकारी नोकरीत औषध निर्माण अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून पेठेतली मंडळं शिबिराच्या दिवशी मला औषधाच्या टेबलावर बसायला बोलावतात आणि मी आनंदाने जाते. तुमची पोरं मनापासून राबतात. सतरंज्या टाकण्यापासून म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून खुर्चीवर बसवण्यापर्यंत कशात कमी पडत नाहीत. प्रश्न आहे तो टेबलावरच्या खोक्यांचा. रक्तदाब झाला, साखर झाली, की रांग माझ्याकडे येते आणि प्रत्येकाच्या हातात तीच तीन पाकिटं पडतात : बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम आणि ती लोहाची लाल कॅप्सूल. सत्तरीचे आजोबा, कॉलेजची मुलगी, बाळंत होऊन चार महिने झालेली सून, आखाड्यातला पैलवान, सगळ्यांना एकच. "काकी, ताकदीचं काहीतरी द्या" म्हणतात आणि घेऊन जातात. दहा दिवसांत पाकीट संपतं. त्या माणसाच्या अंगात काय कमी होतं, काही कमी होतं का, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही.

वर्गणीचे पैसे या पाकिटांवर घालवू नका, ही माझी पहिली विनंती. दुसरी विनंती मोठी आहे. त्याच पैशात आणि त्याच मनुष्यबळात आपापल्या गल्लीतल्या बायका-मुलींचं हिमोग्लोबिन तपासा आणि ज्यांचं कमी निघेल त्यांच्या मागे तीन-चार महिने लागा.

बायका-मुलीच का, ते सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होतं. आपल्या गल्लीत पन्नास घरं धरा आणि हिशेब करा. आणि ज्यांना हा त्रास आहे त्या बायका शिबिराला येतच नाहीत, कारण शिबिर असतं रविवारी सकाळी, आणि त्या वेळी त्या कांदा-खोबरं भाजून मटणाचं वाटण वाटत असतात.

रक्त कमी झालेली बाई आजारी दिसत नाही, हे या दुखण्याचं वाईट लक्षण. जिना चढताना धाप लागते, पोटऱ्या ओढतात, केस गळतात, दुपारी अंग टाकून द्यावंसं वाटतं, पोरांवर विनाकारण ओरडलं जातं. काहींना पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरचे हसतात, ती लाजते आणि लपून खाते. ती वाईट सवय नसते, बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याचं ते लक्षण असतं. अशी बाई गरोदर राहिली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती, आणि बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर तिच्याच जिवावर बेतायची भीती. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली, बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं, की त्याला रक्तक्षय म्हणतात. हे तीन आकडे मंडळाच्या फलकावर लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

तुमच्याकडे एक यादी आधीपासून तयार आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? रक्तदान शिबिराची. रक्तदात्याचं हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं. किती मुली हौसेनं येतात, बोटाला टोचून घेतात आणि "रक्त कमी आहे, पुढच्या वेळी या" ऐकून परत जातात. त्या क्षणी आपल्याला कळलेलं असतं की हिला उपचाराची गरज आहे. तरी आपण तिला नुसतं घरी पाठवतो. ती नावं एका वहीत, तिची परवानगी घेऊन, लिहा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा. आणि जे पुरुष दर तीन महिन्यांनी न चुकता रक्त देतात, त्यांचंही बघा. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलीग्रॅमच्या पुढे लोह अंगातून जातं. वर्षानुवर्षं असं देणाऱ्या माणसाची शिल्लक भरली पाहिजे की नको?

आता आपला गूळ. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण "रक्त कमी आहे तर गूळ-शेंगदाणे खा" हा सल्ला उपचार म्हणून पुरत नाही. जेवणानंतरच्या गुळाच्या खड्यातून लोह मिळतं ते एक मिलीग्रॅमही नीट भरत नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम असतं. रक्त चांगलं असलेल्या माणसानं गूळ खावा, नाचणीची भाकरी खावी, पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला खावा, वर लिंबू पिळावं, म्हणजे ते टिकेल. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलंय, तिला गोळीच लागते.

आणि ही गोळी फुकट मिळते. २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला रोज एक अशा निदान १८० गोळ्या, शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, प्राथमिक शाळेतल्या मुलांना गुलाबी गोळी आणि त्याहून लहान बाळांना पातळ औषध ठरलेलं आहे. जंताची गोळीही वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळा-अंगणवाडीतून दिली जाते. जंत आतड्यातून रक्त पितात, त्यामुळे ती चुकवून चालत नाही. हे सगळं नागरी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत असतं. नोकरीच्या काळात ही खोकी मी स्वतः मोजून दिली आहेत, आणि त्याच गोळ्या पुढे घराघरांत कपाटावर धूळ खात पडलेल्याही पाहिल्या आहेत.

का पडतात? मळमळतं. पोट धरतं. शौचाला काळं होतं आणि बाई घाबरते. गोळी सुरू केल्यावर शौचाचा रंग काळा होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही, एवढं वाक्य तिला कुणी सांगितलेलं नसतं. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी. चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे तासभर घेऊ नये, कारण चहा लोहाला आतड्यातच अडवतो. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, तीही आड येते. आपण शिबिरात दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घालून देतो आणि वर कपभर चहा पाजतो! लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. आणि हिमोग्लोबिन ठीक झालं म्हणून लगेच बंद करायची नसते, अंगातला साठा भरायला पुढे आणखी काही महिने लागतात. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घ्यायची.

या "मागे लागण्यात" तुमच्याइतकं तरबेज कोल्हापुरात कोणी नाही, म्हणून हे पत्र मी आरोग्य खात्याला न लिहिता तुम्हाला लिहितेय. कुठल्या घरात कोण राहतं, सासू कोण, सून कोण, कोण कामावरून किती वाजता येतं, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात कुठल्या माळ्यावर कोण अडकलंय, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाच्या घरात तान्हं बाळ आहे हे तुमच्या पोरांना ठाऊक होतं, म्हणून माणसं बाहेर निघाली. आशाताई एकटी किती दारं वाजवणार? तिच्याबरोबर महिला मंडळाच्या दोघी-तिघी फिरल्या, "या आठवड्याच्या गोळ्या झाल्या का" विचारलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोट टोचून आकडा बघितला, तर तुमच्या पेठेचं चित्र बदलेल.

पुरुषांबद्दल एक सावधगिरी. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी निघालं, तर लोहाची गोळी देऊन मोकळं होऊ नका. बऱ्याचदा रक्त कुठून तरी जात असतं : मूळव्याध, पोटातला व्रण, कधी आतड्याचा कर्करोग. त्या माणसाला डॉक्टरकडेच पाठवा. तसंच काही घराण्यांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा अंश असतो. त्यात रक्त कमी दिसतं, पण लोह भरपूर असतं. तिथे महिनोन्महिने लोह देत राहिलं तर अपाय होतो. म्हणून म्हणते, आधी तपासणी.

आपल्याच राज्यातली एक गोष्ट यासाठी सांगण्याजोगी आहे. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा आणि तो कशाने होतो ते समजत नव्हतं. तिने या बायका काय खातात ते बारकाईने पाहिलं, जंतुसंसर्गाची शंका तपासून बाजूला ठेवली आणि शेवटी यीस्टच्या साध्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुण पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज तेच फॉलिक ॲसिड लाल गोळीत लोहाच्या जोडीला असतं. गरोदर राहण्याच्या आधीपासून घेतलं तर बाळाच्या मणक्याचा आणि मेंदूचा जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतो, हे १९९१ मध्ये मोठ्या चाचणीतून पक्कं झालं. लग्न ठरलेल्या मुलींना हे सांगायला हवं. दिवस गेल्याचं कळेपर्यंत बाळाचा मणका बनून गेलेला असतो.

ड जीवनसत्त्वाचं वेड अलीकडे फार वाढलंय. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी माणसं मला सांगतात, "आम्ही कोवळं ऊन घेतो, आम्हाला डी कमी नाही." कोवळं ऊन मनाला छान, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फार थोडे असतात. ते भरपूर असतात डोक्यावरच्या उन्हात, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, आणि तेही उघड्या हातापायांवर. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळच भरलेलं असतं. दुकानात दिवसभर बसणारा माणूस, स्कार्फ-सनकोट घालून गाडीवरून जाणारी मुलगी, घराबाहेर न पडणारी म्हातारी यांच्यात कमतरता असणं अगदी शक्य आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध घ्यावं.

पण ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी शिबिरात वाटायची वस्तू नाही. ती बहुधा आठवड्यातून एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. काही माणसं ती रोज घेतात, महिनोन्महिने घेतात. ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. आणि ज्यांना कमी नाही त्यांनी घेऊन काय साधतं? अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक माणसं, कमतरता आहे का हे न पाहता, निवडली आणि त्यांतल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला : कर्करोगही कमी झाला नाही, हृदयविकारही नाही. २०२२ मध्ये त्याच माणसांच्या हाडांचा हिशेब आला, मोडणाऱ्या हाडांतही फरक नव्हता.

बी-ट्वेल्वबद्दल आपल्याकडे एक गोड समज आहे. तांबड्या-पांढऱ्याचं गाव, इथे कुणाला काय कमी? पण मटणाच्या ताटात कुणाच्या वाटणीला किती येतं ते ज्या त्या घरानं बघावं. शिवाय जैन, लिंगायत, माळकरी अशी शाकाहारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे जीवनसत्त्व फक्त प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असतं, म्हणजे शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक यांचाच आधार. वय वाढलं की ते आतड्यातून नीट शोषलंही जात नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते हळूहळू कमी होतं. पायाला मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेलं असेलही, पण रक्ताच्या एका तपासणीनं कळतं आणि औषधानं थांबवता येतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. यात एक धोका आहे : नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसांची यादी तुमच्या साखर तपासणीच्या टेबलावर आपोआप तयार होते. त्यांना एवढं विचारा, "बी-ट्वेल्व कधी तपासलंय का?"

वस्तादांना वेगळं सांगायचं आहे. क जीवनसत्त्वानं सर्दी टळते का, यावर जगभर पुष्कळ चाचण्या झाल्या. सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. पण मॅरेथॉन धावणारे, बर्फावरचे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक, म्हणजे शरीराला प्रचंड ताण देणारी माणसं, यांच्यात ते नियमित घेतल्यानं सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या पोरांना ही माहिती उपयोगी आहे. त्यासाठी महागडा डबा नको. आवळा आहे, पेरू आहे, लिंबू आहे. त्या डब्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे औषध म्हणून वापरायचं नाही. ते पोरांना एकदा मोठ्यानं वाचायला लावा. आणि पोरगं सिगारेट ओढत असेल आणि वर "मी मल्टिव्हिटॅमिन घेतो" म्हणत असेल, तर त्याला फिनलंडची हकीकत सांगा. तिथे एकोणतीस हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली. फुप्फुसाचा कर्करोग टळेल या आशेनं काहींना बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, दिलं. १९९४ मध्ये निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरातून तेच येतं तेव्हा काही होत नाही, गोळीतून मोठ्या मात्रेत आलं तेव्हा झालं.

घरातल्या मिठाकडेही बघा. सैंधव, काळं मीठ, खडेमीठ यांचा बोलबाला फार झालाय. त्यात बऱ्याचदा आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनची कमतरता म्हणजे नुसता गलगंड नव्हे, गर्भातल्या बाळाच्या बुद्धीवर तिचा परिणाम होतो. गरोदर बाई असलेल्या घरात रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच असू द्या आणि डबा झाकून ठेवा. महाप्रसादाच्या आचाऱ्यालाही तेच मीठ आणून द्या.

पूर ओसरल्यावर तुम्ही औषधं गोळा करता, तेव्हा माझी एक मागणी कायम असते : जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या. लहान मुलाला जुलाब लागले की ओआरएस तर द्यायचंच, त्याबरोबर १४ दिवस जस्त. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा लागण्याचं प्रमाण कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून हे सांगत आलेत. पूरग्रस्तांसाठी आलेल्या खोक्यांत टॉनिकच्या बाटल्या ढिगानं असतात, जस्त शोधावं लागतं.

मग करायचं काय? महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी भेटा. हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र, तंत्रज्ञ आणि गोळ्या कुठून, कशा येतील ते त्यांच्याशी ठरवा. शिबिराची वेळ बायकांना विचारून ठेवा, दुपारी तीन ते पाच बहुधा जमते. आकडा माईकवरून सांगू नका, कागदावर लिहून ज्याच्या त्याच्या हातात द्या. बाईचं रक्त कमी आहे हे गल्लीभर व्हायची गरज नाही, आणि लग्नाच्या मुलीचं तर अजिबात नाही. सात-आठच्या खालचा आकडा निघाला तर त्या बाईला गोळ्या देऊन घरी पाठवू नका, त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तिच्या डॉक्टरकडे घेऊन जा, रिक्षाचे पैसे मंडळानं द्या. लोहाच्या गोळ्या लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका असं प्रत्येकीला बजावा. त्या लाल, गोड दिसणाऱ्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर लेकराच्या जिवावर बेततं. आणि तीन महिन्यांनंतरची तपासणीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून अहवालात छापा. दिवाळी, तुळशीचं लग्न, काहीही आडवं आलं तरी ती हलवू नका.

पहिलं शिबिर जी तालीम किंवा मंडळ घेईल, त्यांच्या टेबलावर मी बसेन. नोंदवही आखून देईन, गोळ्या कशा घ्यायच्या ते प्रत्येकीला समजावून सांगेन आणि महिला मंडळाच्या ज्या दोघी-तिघी दारोदार फिरणार आहेत त्यांना आधी एक दुपार बसवून शिकवेन. बैठकीत विषय घ्यायचा असेल तर मला बोलवा, मात्र खर्चाचा कागद पक्का व्हायच्या आत.

आपली,
मंगळवार पेठेतील एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
कोल्हापूर